सांडव्याखालची सहल आणि इतर प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय ओले होऊ लागतात. यंदा धरणं, बंधारे, नदीकाठच्या बागा आणि बांधावरचे फिरायचे रस्ते यांवर इतकी पत्रं आली की संपादकांनी सगळी चळत माझ्यासमोर आणून ठेवली. माझी नोकरी धरणाच्या दरवाज्यांवर गेली. मोटर, ब्रेक, वायरदोर, रबरी सील, ग्रीसचे डबे. तेव्हा उत्तरांना तो वास येणारच. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी तिसरा प्रश्न गाळला तरी काही बिघडणार नाही.

प्रश्न : आमचा आठ-दहा जणांचा गट सुटीच्या दिवशी एका धरणाच्या खालच्या अंगाला जातो. नदीपात्रात मोठे खडक आहेत, त्यांवर बसतो. मागच्या खेपेला चांगलं ऊन पडलेलं असताना पाणी चढलं आणि आम्ही कसाबसा काठ गाठला. पाऊस नाही, ढग नाही, मग पाणी आलं कुठून? भोंगा वाजवतात म्हणे. आम्हाला तर ऐकू आला नाही. (भटकंती करणारा एक वाचक)

धरणाखाली उभं राहिल्यावर तुमच्या डोक्यावरचं आकाश बघून काहीच कळत नाही. पाऊस पडतो वरच्या पाणलोटात, कित्येक किलोमीटर लांब, आणि बऱ्याचदा तो आदल्या रात्रीच पडून गेलेला असतो. धरणात पाणी येत राहतं, पातळी चढत राहते, आणि ते कधी सोडायचं हे नियंत्रण कक्षातल्या टेबलावर ठरतं. सकाळी अकरा वाजता लख्ख उन्हात ठरू शकतं.

दुसरी वाट वीजगृहाची. विजेची मागणी वाढली की टर्बाइन सुरू होतात आणि त्यांतून गेलेलं पाणी नदीत येतं. त्याला पावसाळा लागत नाही, ऐन मे महिन्यातही पाणी चढतं. तिसरी वाट याच्या बरोबर उलट आणि म्हणून जास्त फसवी. वीज नको झाली, टर्बाइन थांबवले, वरून येणारं पाणी साठवायला जागा नाही, मग तेच पाणी सांडव्याच्या दरवाज्यांतून जातं. ८ जून २०१४ च्या संध्याकाळी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं उतरली होती, फोटो काढत होती. नदीला पूर नव्हता. वरच्या लारजी प्रकल्पाच्या दरवाज्यांतून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले, त्यांच्याबरोबरचा सहलीचा माणूसही. त्या घटनेची चित्रफीत पुष्कळांनी पाहिली आहे. ती मुलं पळत का नाहीत, असं बघणाऱ्याला वाटतं. पळायला जागाच नव्हती. ती ज्या खडकांवर उभी होती त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी आधीच आलं होतं.

आता दरवाजा उघडतो कसा ते सांगतो, कारण काठावरच्या गर्दीला वाटतं की पाणी वरून सांडेल, हळूहळू, दिसत दिसत. वक्राकार दरवाजा तळातून उघडतो. आधी ब्रेक सुटल्याचा ठक्‌ आवाज होतो. वायरदोर ताणला जातो, त्यातलं जुनं ग्रीस पिळून बाहेर येतं. दरवाजा हलल्याचं डोळ्यांना जाणवतही नाही, तोच तळाच्या रबरी सीलपाशी शिट्टी वाजल्यासारखा आवाज सुरू होतो. मग पांढरा, पातळ, काचेच्या धारेचा पडदा सुसाट बाहेर पडतो. चाळीस फूट रुंदीचा दरवाजा फक्त अर्धा फूट उचलला आणि मागे पंचवीस फूट पाणी उभं असलं, तर त्या फटीतून सेकंदाला पाचशे घनफुटांच्या आसपास पाणी जातं. पाच दरवाजे उचलले तर अडीच हजार. वरून बघणारा माणूस म्हणतो, ‘अर्धा फूट तर उघडलाय!’ खाली खडकावर बसलेल्याला तो अर्धा फूट गुडघ्याला लागतो, आणि गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला सहज पाडतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे ‘मघाशी तर उभा राहिलो होतो’ हा हिशोब चालत नाही.

भोंग्याचं म्हणाल तर भोंगा वाजतो, आणि तरीही तुम्हाला ऐकू न येणं शक्य आहे. वारा उलटा असेल, मध्ये डोंगराचं वळण असेल, तुम्ही धबधब्यापाशी बसला असाल किंवा तुमचाच स्पीकर चालू असेल. शिवाय पुष्कळांना तो कुठल्यातरी कारखान्याच्या पाळीचा भोंगा वाटतो. म्हणून माझा भोंग्यापेक्षा पाण्यावर जास्त विश्वास. काठाशी एक दगड खूण म्हणून ठेवा आणि अधूनमधून त्याच्याकडे बघा. नितळ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा तरंगत येऊ लागला, खळखळ आवाजाची एकसंध घरघर झाली, की चपला शोधत बसू नका.

बसायची जागा निवडताना एवढंच बघा, की तिथून काठाला जायला पाण्यात पाय घालावा लागतो का? लागत असेल तर ती जागा तुमची नाही, मग पाणी घोट्याएवढं का असेना.

प्रश्न : दरवर्षी धरण भरतं, मग घाईघाईने पाणी सोडतात आणि खालच्या गावांत पूर येतो. पावसाळ्यात धरण अर्धं रिकामं का ठेवत नाहीत? (बँकेतून निवृत्त झालेल्या एक वाचक)

बाई, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे.

बहुतेक धरणांना दोन मालक असतात आणि त्यांच्या मागण्या एकमेकांच्या विरुद्ध असतात. पिण्याचं पाणी, शेती, वीज यांना भरलेलं धरण हवं. पुराला रिकामं. म्हणून प्रत्येक धरणाची एक परिचालन सूची असते, कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची याची. सुरुवातीला जागा मोकळी ठेवायची, आणि पावसाळा सरत जाईल तसं धरण भरत न्यायचं. कागदावर उत्तम. पण सूची बनते मागच्या पावसांवरून आणि पाऊस पडतो यंदाचा. ऑगस्टमध्ये रिकामी ठेवलेली जागा सप्टेंबर कोरडा गेल्यावर भरून निघत नाही, आणि मग उन्हाळ्यात त्याच गावांतून टँकरची मागणी येते. तेव्हा ‘अर्धं रिकामं का नाही ठेवलं’ असं कोणी विचारत नाही.

काही ठिकाणी दोन्ही मागण्यांसाठी वेगळे मजले केले आहेत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहर १९७४ च्या पुरात बुडालं, त्यानंतर वाइव्हनहो धरण बांधलं. त्यात खाली पिण्याच्या पाण्याचा साठा आणि त्याच्या वर त्याहून मोठी, एरवी रिकामी राहणारी पुराची जागा. तरीही २०११ च्या जानेवारीत ब्रिस्बेनमध्ये पाणी शिरलं आणि पाणी कधी, किती सोडायला हवं होतं यावर पुढे वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले.

मला मनापासून आवडणारी धरणं मात्र वेगळीच आहेत. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. मार्च १९१३ मध्ये ते बुडालं, तीनशेहून जास्त माणसं गेली. लोकांनी वर्गणी काढली, आर्थर मॉर्गन नावाच्या अभियंत्याला बोलावलं, आणि १९२२ पर्यंत नदीखोऱ्यात मातीची पाच धरणं उभी राहिली. या धरणांना एकही दरवाजा नाही! तळाशी काँक्रीटची भुयारं आहेत, कायम उघडी. रोजचं पाणी त्यांतून सरळ निघून जातं. पूर आला की भुयारात मावेल तेवढंच पाणी खाली जातं आणि उरलेलं मागे साचून दोन-चार दिवसांत आपोआप ओसरतं. तळाला भोक असलेली बादली म्हणा. मोटर नाही, ब्रेक नाही, रात्री दोन वाजता फोन नाही, आणि ‘आत्ता सोडू की तासाभराने’ हा जीवघेणा निर्णयही नाही. माझ्यासारख्याची नोकरी तिथे नसती, ती गोष्ट वेगळी. गेल्या शंभर वर्षांत या पाच धरणांनी मिळून हजाराहून अधिक वेळा पुराचं पाणी अडवलं आहे.

आणि धरणामागची जमीन? ती वर्षातले बहुतेक दिवस कोरडी असते. तिथे शेती होते, पायवाटा आहेत, उद्यानं आहेत. मॉर्गन मंडळींनी एक शहाणपणा केला होता. त्या जमिनीवर पाणी चढवण्याचा हक्क कागदोपत्री घेऊन ठेवला, म्हणजे तिथे नांगर चालेल पण वस्ती होणार नाही.

हा कागद किती मोलाचा, ते ह्यूस्टनमध्ये कळलं. तिथे ॲडिक्स आणि बार्कर ही अशीच एरवी कोरडी राहणारी, १९४० च्या दशकातली धरणं आहेत. पोटात मोठमोठी उद्यानं, खेळाची मैदानं, सायकलींचे रस्ते. पण सरकारने घेतलेली जमीन आणि पाणी जिथवर चढू शकतं ती जमीन यांत फरक राहिला. मधल्या पट्ट्यात बिल्डरांनी वसाहती उभ्या केल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाचा पाऊस पडला, जलाशय पहिल्यांदाच इतका फुगला आणि पाणी त्या घरांत शिरलं. आपण धरणाच्या पोटात राहतो हे तिथल्या कितीतरी लोकांना त्या दिवशी समजलं. उद्यानं त्याहून खोल बुडाली, पण ती चिखल धुऊन पुन्हा उघडता आली.

प्रश्न : काका, बातम्यांत क्युसेक आणि टीएमसी म्हणतात ते नक्की किती असतं? आमच्या सरांनी पाठ करायला सांगितलंय, पण डोळ्यांसमोर येत नाही. (दहावीतला एक विद्यार्थी)

क्युसेक हा वेग आहे, टीएमसी हा साठा. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक, अंदाजे २८.३ लिटर. हजार लिटरची गच्चीवरची टाकी एका क्युसेकने पस्तीस सेकंदांत भरेल. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आता दोन्ही जोडून बघ. एक लाख क्युसेक पाणी सलग चोवीस तास सोडलं तर ८.६४ टीएमसी जातं. गुणाकार करून पडताळ, दिवसाचे ८६,४०० सेकंद. एकदा स्वतः केलास की पाठ करावं लागणार नाही, आणि बातमीत ‘दहा हजार क्युसेक’ ऐकल्यावर घाबरायचं की नाही तेही कळेल. त्यासाठी मात्र तुझ्या नदीचं पात्र किती क्युसेकपर्यंत पाणी पोटात घेतं हा आकडा हवा. तो सरांना विचार.

प्रश्न : आमच्या वसाहतीलगत पूरसंरक्षक मातीचा बांध आहे. त्यावर सकाळी शे-दीडशे माणसं चालतात. आम्ही झाडं, बाक आणि चार दिवे लावायची परवानगी मागितली. बाक आणि दिव्यांचं ‘बघू’ म्हणाले, झाडांना साफ नकार. झाडं मुळांनी माती धरून ठेवतात ना? (गृहनिर्माण संस्थेचे सचिव)

नकार देणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार सांगा.

डोंगरउतारावर झाड माती धरतं, हे खरं. बांधाचं काम निराळं आहे. त्याच्या एका अंगाला पंधरा फूट पाणी आणि दुसऱ्या अंगाला तुमची वसाहत, मध्ये फक्त दाबून बसवलेली माती. झाड जिवंत असतं तोवर ठीक. ते मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. पुराचं पाणी अशी नळी शोधून काढतं. थेंब थेंब झिरपतं, मग मातीचे कण घेऊन बाहेर पडू लागतं, नळी रुंद होत जाते, आणि वरून सगळं धडधाकट दिसत असताना बांध आतून पोखरला जातो. दुसरं, वादळात मोठं झाड उन्मळलं तर मुळांबरोबर गाडीभर मातीही उपटतं, तीही नेमकी पुराच्या दिवसांत. उंदीर-घुशींची बिळं, साळिंदराची बिळं, झुडपांच्या आड दिसत नाहीत. बांधावर गवतच हवं, तेही कापलेलं, म्हणजे चालत जाणाऱ्याला बीळ, भेग, ओला डाग नजरेला पडेल.

आणि इथेच तुमच्या शे-दीडशे माणसांचा उपयोग आहे. रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला कालचं आणि आजचं वेगळेपण पटकन कळतं. पूर असताना बांधाच्या कोरड्या बाजूला, पायथ्याशी, जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येताना दिसलं आणि त्याच्याभोवती बारीक वाळूचं वारूळ तयार होत असेल, तर धावत जाऊन कळवा. ते भोक माती टाकून बुजवायला मात्र जाऊ नका. बुजवलेलं पाणी शेजारून फुटतं. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचतात, आत पाणी साचू देतात. आतलं पाणी जसं चढतं तसा बाहेर येणाऱ्या पाण्याचा जोर कमी होतो आणि माती वाहून येणं थांबतं. पाणी येऊ द्यायचं, माती नाही.

बाक माथ्यावर ठेवा, उतार खोदून नको. दिव्याच्या खांबाचे खड्डे आणि केबलची चारी हीसुद्धा भोकंच आहेत, तेव्हा तो नकाशा आधी मंजूर करून घ्या. झाडांची हौस बांधाच्या पायथ्यापासून अंतर सोडून वसाहतीच्या बाजूला भागवा. किती अंतर ते खातं सांगेल. सावली सकाळी सातला तशीही लागत नाही.

प्रश्न : परदेशात नदीकाठ किती सुंदर असतात! पूर अडवायच्या भिंती दिसतही नाहीत, लोक पोहतात, सायकल चालवतात. हे आपल्याकडे भिंत बांधून, वर फरश्या टाकून का होत नाही? (वास्तुरचनेची एक विद्यार्थिनी)

तुझ्या प्रश्नातच उत्तर दडलंय. भिंत बांधून आणि फरश्या टाकून, म्हणूनच होत नाही. नदीतून जागा काढून घेतली आणि त्यावर बाग केली, तर पाणी तेवढंच राहतं, पात्र अरुंद होतं आणि पातळी वर चढते. तू ज्या काठांबद्दल लिहितेस त्यांतल्या चांगल्या काठांनी उलटा व्यवहार केला. आधी नदीला जागा दिली, मग त्या जागेत माणसांना फिरू दिलं.

व्हिएन्ना घे. डॅन्यूब नदीच्या शेजारी २१ किलोमीटर लांबीचं दुसरं पात्र खणलं. काम १९७२ ला सुरू झालं, १९८८ ला संपलं. खणलेल्या मातीचं दोन पात्रांच्या मध्ये तेवढंच लांब बेट केलं. या नव्या पात्राला बंधाऱ्याचे दरवाजे आहेत. एरवी ते बंद असतात, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं संथ राहतं आणि उन्हाळ्यात निम्मं शहर तिथे डुंबायला जातं. पूर आला की पोहणं बंद, दरवाजे उघडतात, तळ्याची नदी होते. दोन्ही पात्रं मिळून सेकंदाला १४,००० घनमीटर पाणी नेतील अशी आखणी आहे, म्हणजे आपल्या भाषेत पाच लाख क्युसेकच्या जवळपास. योजनेला सुरुवातीला विरोधही झाला होता. आज बेटावरच्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असेल की आपण पुराच्या सोयीवर टॉवेल अंथरून पडलो आहोत!

नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुराच्या वेळी अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली. बांध उंच करत बसण्यापेक्षा त्यांनी पुढच्या काळात तीसेक ठिकाणी नदी रुंद केली. नायमेगेन शहरासमोर तर बांधच साडेतीनशे मीटर मागे सरकवला आणि एक नवा प्रवाह काढला. मधल्या जमिनीचं बेट झालं, तिथे आता वाळूचे किनारे आणि पायवाटा आहेत. त्यासाठी पन्नासेक घरं उठली. चकचकीत फोटोंमध्ये ती घरं नसतात. तुझ्या प्रकल्पात मात्र ती धर.

जपानचं योकोहामा तर आणखी धीट. त्सुरुमी नदीच्या काठी त्यांनी पुराचं पाणी घ्यायला एक खोलगट प्रदेश राखला, ३९ लाख घनमीटरचा, आणि त्यातच मोठं स्टेडियम खांबांवर उभं केलं. टीएमसीत मोजलं तर ही जागा ०.१४ सुद्धा भरत नाही. पण पुराचा शेंडा तेवढा कापला तरी खालचं शहर वाचतं. १२ ऑक्टोबर २०१९ ला हागिबिस वादळ आलं, स्टेडियमभोवतीच्या मैदानांत पाणी शिरलं, शिरायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर रग्बी विश्वचषकाचा जपान-स्कॉटलंड सामना झाला आणि जपानने तो २८-२१ असा जिंकला.

मिसिसिपी नदीवर न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला बॉनेट कॅरे नावाचा सांडवा आहे, १९३१ चा. तो बघून आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर काम केलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. ३५० गाळे आणि प्रत्येकात लाकडाचे २० उभे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या जाड तुळया, एकूण ७,०००. नदी धोक्याच्या पातळीला आली की क्रेन वरच्या रुळांवरून सरकत जाते आणि एकेक बरगा उचलून आडवा ठेवते. पाणी बाजूच्या मोकळ्या रानातून सरोवरात जातं आणि शहर वाचतं. नदी नुसती फुगली तरी बरग्यांच्या फटींतून पाणी झिरपत रानात येतं, त्याला कोणी हरकत घेत नाही. एरवी त्या रानात लोक मासे धरतात, सायकली चालवतात, कुत्र्यांना शिकवतात. पाणी सोडायचं ठरलं की रान रिकामं करायचं, बस्स. तिथे कोणी फरशी घातली नाही म्हणून फरशी उखडल्याची तक्रारही नाही.

स्पेनमधल्या वॅलेन्सियाचं उदाहरण तुला शिकवतीलच, पण अर्धंच शिकवतील. १४ ऑक्टोबर १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून, दक्षिणेकडून वळवली. जुन्या कोरड्या पात्रात मोटार-रस्ता घालायचा बेत होता. लोकांनी आरडाओरडा करून तो हाणून पाडला आणि तिथे जवळजवळ नऊ किलोमीटरची बाग झाली, जुन्या दगडी पुलांच्या कमानींखालून जाणारी. अतिशय देखणी. आता उरलेलं अर्धं. २९ ऑक्टोबर २०२४ ला त्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला. वळवलेल्या नदीने शहर वाचवलं. पण नव्या पात्राच्या दक्षिणेला, मधल्या काळात वाढलेल्या गावांमध्ये दुसऱ्याच एका ओढ्याचं पाणी घुसलं. त्या ओढ्याला असं काही मोठं संरक्षण नव्हतं. त्या आपत्तीत दोनशेहून जास्त माणसं गेली. एका नदीची सोय केली म्हणून शेजारच्या ओढ्याची होत नाही. नकाशा काढताना नदीच्या निळ्या जाड रेषेबरोबर ते बारीक ओढेही काढत जा.

प्रश्न : गावाबाहेरच्या लहान बंधाऱ्यावरून पाणी जेमतेम चार फूट खाली पडतं. मुलं तिथे उड्या मारतात. एवढ्याशा उंचीला घाबरायचं कारण नाही असं त्यांचे वडील म्हणतात. (एक आजोबा)

वडिलांना हे वाचून दाखवा.

मोठ्या धबधब्याला माणूस आपोआप भितो. चार फुटांचा बंधारा मैत्रीपूर्ण दिसतो, आणि म्हणून जास्त माणसं खातो. भिंतीवरून पडलेलं पाणी तळाला आपटून पुढे जातं, वर उसळतं, आणि त्यातलं काही पृष्ठभागावरून परत भिंतीकडे वळतं. असा आडवा, लाटण्यासारखा फिरणारा रूळ भिंतीच्या पायथ्याशी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तयार होतो. त्यात सापडलेला माणूस बाहेर यायला बघतो तर वरचं पाणी त्याला पुन्हा भिंतीकडे ओढतं, पडणारी धार खाली दाबते, आणि चक्र सुरूच. शिवाय तिथलं पाणी फेसाळ असतं, निम्मी हवा. त्यात पट्टीचा पोहणाराही तरंगत नाही. गंमत म्हणजे हीच उसळी आम्ही अभियंते मुद्दाम घडवतो. पाण्याची ताकद एका जागी जिरावी, पुढचं पात्र खरवडलं जाऊ नये, म्हणून. डेटनच्या त्या धरणांखालीही तीच युक्ती आहे. पाण्याची ताकद जिरवणारी जागा माणसाची ताकद काय ठेवणार!

कोणी सापडलंच तर मागून उडी टाकायची नाही. वाचवायला गेलेलेही तिथेच जातात. काठावरून दोर, बांबू, रिकामा बंद कॅन, हाताला लागेल ते फेका. आणि बंधाऱ्यापाशी एक दोर कायमचा बांधून ठेवायला ग्रामपंचायतीला सांगा, आजोबा. तुमचं ऐकतील.

प्रश्न : आमची नदीकाठची बाग पूरपातळीच्या आतच आहे, हे माहीत असूनच केली. दोन पावसाळ्यांत दोनदा बुडाली. गाळ काढता काढता नाकी नऊ आले. शौचालयाची मोटर दोन्ही वेळा जळाली. काय बदलावं? (बागेची देखभाल करणारे एक गृहस्थ)

माहीत असून केली, याबद्दल तुमचं कौतुक. आता बागेला बुडायला शिकवा.

गाळ सुकू देऊ नका. पाणी उतरत असतानाच, पाण्याच्या मागोमाग खाली येत, त्याच नदीचं पाणी पंपाने मारून पायऱ्या आणि रस्ते धुवायचे. ओला गाळ पाण्याबरोबर जातो. दोन दिवस ऊन खाल्लेला गाळ टिकावाने फोडावा लागतो. यासाठी पंप, पाईप आणि माणसं आधी ठरलेली हवीत, पूर ओसरल्यावर निविदा काढून भागत नाही. हिरवळीवर पातळ थर बसला असेल तर राहू द्या, गवत त्यातून वर येतं. जाड असेल तर काढावाच लागेल.

प्रवाहाला आडवं कुंपण अजिबात नको. जाळीत कचरा, फांद्या, प्लॅस्टिक अडकतं, तासाभरात त्याची भिंत होते आणि पाण्याच्या रेट्याने खांबांसकट जाते. कुंपण लागतच असेल तर प्रवाहाच्या दिशेने, किंवा पावसाळ्याआधी काढून ठेवता येईल असं. बाक जड आणि खाली काँक्रीटमध्ये पकडलेले. कचऱ्याचे डबे, खेळण्यातले सुटे भाग, फलक हे सगळं जूनमध्ये गोदामात.

मोटरचं म्हणाल तर ती दोनदा जळाली म्हणजे तिची जागा चुकली आहे, मोटर नाही. तुमच्या नकाशावरच्या पूररेषा बघा, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘२५ वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे आला की पुढची पंचवीस वर्षं सुट्टी, असं नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता. पंचवीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के भरते. शौचालय, विजेचा फलक, मोटर, पहारेकऱ्याची खोली हे सगळं लाल रेषेच्या वर, मग लोकांना चार पावलं जास्त चालावं लागलं तरी चालेल. आत फक्त ते ठेवा, जे बुडून परत उभं राहतं.

राहिली पाणी चढताना बाग रिकामी करण्याची गोष्ट. फाटक बंद करायचा अधिकार पहारेकऱ्याच्या हातात लेखी द्या. वरच्या साहेबाला फोन लागेपर्यंत थांबायचं, असं ठेवू नका. आणि फाटकाशी पाणीपातळीची काळी-पांढरी पट्टी लावा, कोणत्या आकड्याला फाटक बंद ते तिच्यावरच लाल रंगाने लिहा. शौचालयाचा नवा नकाशा काढलात तर या सदराकडे पाठवा, मोटर किती उंचीवर धरली आहे तेवढं नीट लिहा.